राजवाडा निघाला मार्कंड्याला

लटारूबाबू गहाण्यांनी मुदतीच्या आधीच रेल्वेची नोकरी सोडली आणि नदीत फिरायला डोंगा, म्हणजे नाव, बांधायला काढला, तेव्हा वडशात दोन मतं पडली. बाजारातल्या लोकांचं म्हणणं, बायको गेल्यामुळे बाबूचं डोकं फिरलं. स्टेशनाकडच्या लोकांचं म्हणणं, डोकं आधीपासूनच तसं होतं, बायको होती म्हणून दिसत नव्हतं. लटारूबाबूंच्या कानावर दोन्ही मतं आली होती. पण ज्यांनी आयुष्यात एकदाही पाण्यात बैलाच्या पाठीपेक्षा उंच बसून पाहिलं नाही, त्यांच्या मताला किती किंमत द्यायची हे त्यांना ठाऊक होतं.

गोष्ट अगदी साधी होती. त्यांच्या रांधणखोलीत चुलीशेजारी साबणाच्या कंपनीचं एक कॅलेंडर होतं. त्यावर निळा समुद्र, नारळीची बेटं आणि पांढऱ्या शिडाची एक नाव. वर्ष संपलं, तारखांचे कागद फाटून गेले, पण चित्र भिंतीवरच राहिलं. भातावर झाकण ठेवता ठेवता बायको त्याकडे बघायची आणि म्हणायची, "तुमची नोकरी सुटली का आपन बी असंच बेटाबेटानं फिरू." लटारूबाबू पाटावर बसून म्हणायचे, "फिरू."

मग बायको तीन दिवसांच्या तापानं गेली. पण ठरलेलं राहिलंच होतं. लटारूबाबू मालबाबू होते. माल पाठवायचा ठरला की पाठवायचा. घेणारा हजर नाही म्हणून गाडी थांबत नाही. समुद्र लांब होता, पण वैनगंगा जवळ होती आणि पावसाळ्यानंतर तिच्यातही बेटं उघडी पडत होती. तिथे नारळ, इथे सिंदी. फरक असलाच तर एवढाच.

अडचण होती ती वच्छलेची. ही त्यांची एकुलती एक मुलगी, वरोऱ्याला दिलेली. आईच्या वर्षश्राद्धाला आली ती बापाचं सामान बांधायच्या तयारीनंच.

"बाबा, तुमी इथी एकटे राहू नका. वरोऱ्याले चला. खोली रिकामी हाय."

"मले फिराले जाचं हाय."

"कोनासंगं?"

लटारूबाबूंनी कॅलेंडराकडे बोट दाखवलं. वच्छलेनं कपाळाला हात लावला. खूप वेळ वाद झाला. शेवटी तिनं शर्त घातली. कार्तिकाच्या पुनवेला ती वैनगंगेवरच खाली असलेल्या मार्कंड्याच्या घाटावर उभी राहणार, तिची नणंद तिथून जवळच दिलेली होती. बाबा डोंग्यातून आले, तर वरोऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. पण बैलगाडीतून आले, तर तसंच वरोऱ्याला निघायचं आणि वडशाच्या घराला कुलूप.

"कबूल," लटारूबाबू म्हणाले. वरोऱ्याला जावयाच्या ओसरीवर खाट टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला "मी वच्छलेचा बाप" असं सांगत बसायचं, या विचारानंच त्यांच्या अंगावर काटा आला होता.

डोंगा बांधायला मुखरू ढिवराला सांगितलं. मुखरूनं कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबू, याच्यात वल्हं काऊन नाई?"

"हा वाऱ्यावर जाते."

"वारा त कुठी बी जाते," मुखरू म्हणाला. "तुमाले जिथी जाचं तिथीच त्याले जाचं असन, त बेस हाय." आणि त्यानं न विचारता दोन वल्ही करायला घेतली.

डोंगा सागवानी फळ्यांचा झाला. आत बसायला दोन आडव्या फळ्या. एक सुकाणूजवळ लटारूबाबूंची, दुसरी डोलकाठीजवळ. त्या दुसऱ्या फळीवर त्यांनी वाकळेची घडी घालून ठेवली आणि तिथे कोणी बसायचं नाही असं सांगून टाकलं. कोणी कारण विचारलं नाही. वडसा एवढं समजूतदार गाव होतं. सल्ले मात्र रोज येत. पाण्यावर तहान जास्त लागते, दोन मडकी न्या. मगरीला हळदीचा वास सहन होत नाही. डोंग्यात कोंबडा ठेवा, जमीन जवळ आली की आरवतो. लटारूबाबूंनी मडकी घेतली, हळद घेतली. कोंबडा तेवढा नाकारला, कारण या नदीत दोन्हीकडची जमीन दिवसभर दिसतच असते.

शीड शिवायचं काम शेजारच्या रामाजी शिंप्याकडे गेलं. रामाजी नाटकवाल्यांचे अंगरखे शिवायचा, त्यामुळे आपणही निम्मे नट आहोत असं त्याला वाटे. नाटक मंडळीनं नवीन पडदे केले होते आणि जुना राजवाड्याचा पडदा रामाजीच्या दुकानात धूळ खात होता. जाड, चिवट कापड. रामाजीनं त्याचंच शीड केलं. एका अंगाला कोरं कापड, दुसऱ्या अंगाला खांब, झुंबरं, सिंहासन आणि दोन मोर.

"रंगाचं अंग कोनीकडं ठेवू?" रामाजीनं विचारलं.

"पुढं ठेव," लटारूबाबू म्हणाले. "मांगं ठेवलं त दिवसभर तो राजवाडाच पाहा लागन."

दोघांनी विचार केला तो डोंग्यात बसून. पुढून येणाऱ्याला काय दिसेल, याचा विचार दोघांपैकी कोणीच केला नाही. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून निघालं.

परवान्याचंही एक प्रकरण झालं. कचेरीतल्या बाबूनं विचारलं, "मासे धरनार?" नाही. "मानसं उतरवनार?" नाही. "मंग डोंगा कायले?" "फिराले." फिरायचा रकाना कागदात नव्हता. शिवाय वर्षभरापूर्वीच चांदा जिल्हा नव्या मुंबई राज्यात गेला होता. बाबू म्हणाला, आता आपल्याला समुद्र लागला, नावेचे नियम मुंबईलाच सापडतील. अर्ज मुंबईला गेला. तिकडून विचारणा आली, बंदर कोणतं. लटारूबाबूंनी कळवलं, वडसा. पुन्हा विचारणा आली, बंदरात भरतीला आणि ओहोटीला पाणी किती. लटारूबाबूंनी चौकशी करून कळवलं, श्रावणात डोक्यावर, वैशाखात घोट्याखाली. त्यानंतर मुंबई गप्प झाली. ज्या कागदाला उत्तर येत नाही तो मंजूर समजायचा, या रीतीनं लटारूबाबूंची सगळी नोकरी गेली होती. त्यांनी नारळ फोडला.

डोंग्यावर मुखरूच्या भाच्यानं पांढऱ्या रंगानं अक्षरं काढली होती: भागीरथा. ती काढायला सांगताना लटारूबाबूंनी शब्द उच्चारला नव्हता, कागदावर लिहून दिला होता. लग्नापासून त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. मारायची पद्धतच नव्हती. आधी "अवो", मग वच्छला झाल्यावर "वच्छीची माय". ती गेल्यावर हाक मारायचंच काम उरलं नाही.

रामाजी सोबत निघाला. कारण विचारलं तर म्हणाला, "शीड माह्यं हाय. उसवलं त कोन शिवन?" त्याला वाकळेच्या फळीवर बसायला बंदी होती, म्हणून तो तांदळाच्या पोत्यावर बसला आणि तिथूनच तक्रार सुरू केली.

"ते फळी रिकामी हाय बाबू. अन् मी पोत्यावर. तांदूळ टोचते."

"फळी रिकामी नाई," लटारूबाबू म्हणाले.

रामाजीनं वाकळेकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

वारा उत्तरेचा होता, नदीचं तोंड दक्षिणेला. शीड भरलं आणि डोंगा खरोखरच कॅलेंडरातल्यासारखा चालू लागला. लटारूबाबूंनी सुकाणू धरून छाती पुढे काढली. वडशाच्या घाटावरची माणसं लहान होत गेली. आपल्याला हे जमणार हे त्यांना माहीत होतंच. आता ते वडशालाही कळलं.

पहिल्याच गावाजवळ काठानं माणसं धावू लागली.

"कोनता खेळ हाय जी?" एकानं ओरडून विचारलं.

लटारूबाबूंना कळेना. पण रामाजी पोत्यावर ताठ उभा राहिला. इतकी माणसं त्याच्यासाठी कधी धावली नव्हती.

"अजून ठरला नाई," तो म्हणाला.

"रामाजी, काय सांगून राह्यला तू?"

"काई नाई बाबू. लोकाइनं विचारलं, आपन सांगतलं."

दिवाळी झाली होती, गावोगाव मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस होते. मंडई म्हटली की पाहुणे, बाजार आणि दंडारीचा नाचखेळ किंवा नाटक पाहिजेच. झुंबरं आणि मोर घेऊन एक राजवाडा नदीतून आपल्याकडे येतो आहे, हे पाहिल्यावर कोणाला काय वाटणार? ही बातमी बैलगाड्यांनी पुढे गेली, आणि बैलगाडी डोंग्यापेक्षा जोरात जाते. पुढच्या गावाला लोक आधीच तट्टे टाकून बसले होते. डोंगा थांबला नाही तेव्हा त्यांनी लांबपर्यंत नावं ठेवली. लटारूबाबूंनी मान वळवली नाही. तेवीस वर्षं त्यांनी मालधक्क्यावर व्यापाऱ्यांच्या शिव्या ऐकल्या होत्या, पण नाटक केलं नाही म्हणून कोणी शिव्या दिल्या नव्हत्या.

त्यापुढे जंगलाचा नाका लागला. नाकेदार काठावर खुर्ची टाकून बसला होता. त्यानं हात करून डोंगा लावायला सांगितला.

"पास?"

"कशाचा?"

"लाकडाचा. सागवान नदीतून न्याचं त पास पाह्यजे."

"हा डोंगा हाय."

"डोंगा कशाचा हाय?"

"सागवानाचा."

"मंग तेच सांगून राह्यलो मी," नाकेदार शांतपणे म्हणाला. "डोंग्याचं नाव सांगा. लिव्हा लागते."

लटारूबाबूंचे कान लाल झाले. "वाचून घ्या," ते म्हणाले. अक्षरं पाण्याच्या बाजूला होती. नाकेदार पाण्यात उतरणारा माणूस नव्हता.

"सांगा न बाप्पा. चोरीचा हाय का?"

लटारूबाबू आकाशाकडे पाहू लागले. शेवटी रामाजीनं नाकेदाराच्या कानाशी जाऊन नाव सांगितलं आणि कारणही सांगितलं. नाकेदार विरघळला, पण कायदा विरघळला नाही. प्रत्येक फळीवर सरकारी छाप पाहिजे. त्यानं छापाचा हातोडा मागवला आणि एकेक फळी ठोकली. शेवटच्या फळीवर तो म्हणाला, "आता बिनघोर जा." त्या ठोकाठोकीनं सांधे हलले होते. दोन वळणं गेल्यावर डोंग्यात पाणी येऊ लागलं.

रामाजी मडक्यानं पाणी उपसत होता, लटारूबाबू सुकाणू धरून होते. वाकळ भिजू नये म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली होती. पुनव दुसऱ्या दिवसावर होती. मार्कंडा आता फार लांब नव्हता, पण डोंगा तोवर टिकेल असं दिसत नव्हतं. समोर एक मोठं बेट आलं, त्यावर दहावीस घरं. लटारूबाबूंनी डोंगा तिकडे वळवला.

बेटावर त्या दिवशी मंडई होती. ठरलेले दंडारवाले आलेच नव्हते. गावोगावचे जावई, व्याही, लेकी येऊन बसले होते आणि इसरू पाटलाला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. अशा वेळी त्याला समोरून राजवाडा येताना दिसला. त्यानं हात जोडले.

चाळीस माणसांनी डोंगा उचलून वाळूवर घेतला. कोलू नावाच्या एका मिशाळ माणसानं राळ वितळवून, कापूस भरून सांधे बुजवले. लटारूबाबू प्रत्येकाचे आभार मानत फिरले. काम संपवून डोंगा पुन्हा पाण्यात लोटला, वाळूत खुंटी ठोकून दोरीनं बांधला, आणि मग इसरू पाटील म्हणाला, "आता सुरू करा जी. मानसं खोळंबले."

"आमी नाटकवाले नाई, पाटील."

"मंग राजवाडा कोनाचा?"

"ते शीड हाय."

"शिडावर राजवाडा काऊन?"

लटारूबाबूंनी रामाजीकडे पाहिलं. रामाजी मोरांकडे पाहू लागला.

पुढच्या रांगेत सुगंधाबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "जावई रुसून चालले भाऊ. तुमचा डोंगा आमी उचलला. आता आमची इज्जत तुमी उचला."

हे खरं होतं. घेतलेल्या हातांची परतफेड केल्याशिवाय निघणं लटारूबाबूंच्या स्वभावात नव्हतं. ऊन अजून होतं. एक प्रवेश करून निघालं तरी पुनवेला वेळेत पोचता येणार होतं.

"शीड उतरवून इकडं बांधा," पाटील म्हणाला.

"शिडाले हात लावाचा नाई," रामाजी म्हणाला. "माही शिवन हाय ते." म्हणून शीड तसंच वर राहिलं, डोंगा काठाला, आणि त्याच्यापुढची वाळू हीच रंगभूमी झाली.

रामाजी प्रधान झाला. कोलूनं लुगडं नेसून, मिशीवर पदर धरून राणी व्हायचं कबूल केलं. लटारूबाबूंच्या अंगात रेल्वेचा काळा कोट होता, बटणं चमकत होती, म्हणून राजा ते. बांबूच्या कामट्यांचा मुकुट डोक्यावर आला. गुरांच्या चाऱ्याची दाणी उलटी ठेवून त्यांना सिंहासन दिलं. आता करायचंच आहे तर नीट करू, असं म्हणून ते ताठ बसले.

"प्रधानजी," राजा म्हणाला, "राज्यात आवक-जावक कशी हाय?"

"बेस हाय महाराज. पन शत्रू चालून येऊन राह्यला."

"कोनत्या गाडीनं?"

लोक खूश झाले. जावयांनी रुसवा सोडला. सुगंधाबाईनं पोरींना पुढे सरकवलं. राणी बाजूला येऊन उभी राहिली आणि पदराआडून म्हणाली, "महाराज, मले माहेरी धाडा." राजा राणीकडे नुसता बघत राहिला. मागे वारा वाढला होता. पडद्यावरचे मोर फुगले, खांब वाकले, आणि वाळूतली खुंटी उपटून आली.

"महाराज," प्रधान घाबरून म्हणाला, "राजवाडा चालला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं सोंग त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

लटारूबाबूंनी वळून पाहिलं. डोंगा काठ सोडून वळला होता. पांढरी अक्षरं आता त्यांच्याकडे होती. वाकळेची घडी त्या फळीवर होती, आणि फळी निघाली होती.

ते उठले आणि धावले. मुकुट एका कानावर आला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं.

"भागीरथा," त्यांनी हाक मारली. पहिल्यांदा ती हळू आली. मग मोठ्यानं आली. "भागीरथा, थांब. थांब वो भागीरथा. मी येऊन राह्यलो."

छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा ते थांबले. पोहता त्यांना येत नव्हतं. राजवाडा वळणाआड गेला.

काठावर बायांनी पदर डोळ्यांना लावले होते. इसरू पाटील हळूच प्रधानाला म्हणाला, "लई मोठा नट हाय."

आणि त्या गर्दीत मागे वच्छला उभी होती. बाप नाटक मंडळीत शिरला, ही बातमी नणंदेच्या घरी पोचली होती. त्याला हाताला धरून न्यायला ती बैलगाडी करून, मग गावच्या नावेतून बेटावर आली होती. बोलायचं सगळं वाटेत जुळवून आणलं होतं. आईचं नाव तिनं बापाच्या तोंडून जन्मात प्रथमच ऐकलं. ती पाण्यात उतरली, बापाच्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"चला, बाबा. गाडी हाय पलीकडं. डोंगा पाहाले जाऊ."

"गाडीनं गेलो त वरोरा."

"ते मंग पाहू."

पुनवेच्या सकाळी गाडी मार्कंड्याला पोचली. तिथे नदी एकदम उलटी वळते, वाहत आलेलं लाकूड त्या वळणाला अडकतं. राजवाडा देवळाखालच्या घाटाला लागून नीट उभा होता. कोणी ओढला नव्हता, कोणी लावला नव्हता. आत पाण्याचा थेंब नव्हता आणि वाकळ कोरडी होती. समोर घाटाच्या पायऱ्यांवर शंभरेक माणसं खेळ सुरू व्हायची वाट पाहत बसली होती.

रामाजी लगेच वकील झाला. "वच्छला बाई, शर्त काय होती? डोंगा मार्कंड्याले याचा. आला. तो बी एकटा. आता मानूस मांगं राह्यला असन त त्यात डोंग्याचा काय दोष?"

"रामाजी, चूप बस," लटारूबाबू म्हणाले. "मी गाडीनं आलो. शर्त म्हंजे शर्त. वच्छी, मी वरोऱ्याले येतो." आणि आपली पेटी काढायला ते डोंग्यात चढले.

वच्छलाही मागोमाग चढली. बसायला जागा पाहिली आणि वाकळेच्या फळीवर बसली. रामाजीनं श्वास रोखला. लटारूबाबू पेटी हातात घेऊन उभे राहिले. वच्छलेनं वाकळेवरून हात फिरवला. आईच्या जुन्या लुगड्याची होती ती. मग तिनं वर शिडाकडे, पुढे नदीकडे, नदीतल्या बेटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, वारा कोनीकडं हाय?"

"खाली, सिरोंच्याकडं."

"अन् वरोरा?"

"उलट्या अंगाले."

"मंग असं करा," ती उठत म्हणाली. "शर्त तुमी हारले, त वरोऱ्याले या लागनच. पन गाडीनं नाई, याच डोंग्यानं या. वारा तिकडचा सुटला का निंगा."

वरोऱ्याच्या बाजारापर्यंत नदी जात नाही, हे लटारूबाबूंना माहीत होतं. वच्छला तिथेच नांदत होती, तिलाही माहीत होतं.

"येईन," ते म्हणाले. "वारा सुटू दे."

पायऱ्यांवरचे लोक फार कुरकुर करू लागले, तेव्हा रामाजीनं एकट्यानं प्रधानाचं भाषण म्हणून दाखवलं. मग डोंगा निघाला. वच्छला घाटावर उभी राहून बघत होती, शीड दिसेनासं होईपर्यंत. रामाजी पोत्यावर बसला, तक्रार न करता.

खाली एका वळणावर पुन्हा जंगलाचा नाका आला. या नाकेदाराचा आवाज मोठा होता.

"डोंग्याचं नाव काय?" तो काठावरून ओरडला.

रामाजीनं सवयीनं तोंड उघडलं. लटारूबाबूंनी हातानं त्याला थांबवलं, कोटाची बटणं लावली आणि उभे राहिले.

"भागीरथा," त्यांनी ठणकावून सांगितलं. "भागीरथा लटारू गहाणे, वडसा. लिहून घ्या."